अर्ध्या वाटेवरचे देव

भामाआईकडे मी पहिल्यांदा गेले ती तिच्या अंगठ्यासाठी. डाव्या हाताचा अंगठा, निळी शाई, एक कागद, संपलं काम. जाता जाता तेवढं उरकायचं आणि येताना बाजारातून भाजी घेऊन घरी, असा माझा बेत होता. कसलं काय! तो अंगठा कागदावर उमटेपर्यंत होळी येऊन गेली.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचा घोळ नको. पनवेलच्या कोर्टामागच्या गल्लीत माझा गाळा आहे. बाहेर पाटी आहे, 'एलिशेबा तळकर, कागदपत्रे व भाषांतर, शनिवारी बंद.' आम्ही बेने इस्रायल, शनिवार पाळतो. तरी दर सोमवारी कोणीतरी उगवतंच, "मॅडम, शनिवारी आलो होतो, बंद होतं." अरे बाबा, पाटीवर काय कविता लिहिलीय का? पण सरकारी कामाला आलेला माणूस पाटी वाचत नाही. तो सरळ आत घुसतो आणि म्हणतो, "अर्जंट आहे." इतक्या वर्षांत बिनअर्जंट काम घेऊन आलेला एक इसम मी पाहिलेला नाही. आणि खरं सांगू, खरोखर अर्जंट कामही फारसं पाहिलेलं नाही.

पूर्वी लोक यायचे आखातातल्या नोकरीसाठी. आमचे लोक यायचे इस्रायलला कायमचं जायला. माझे दोन्ही भाऊ, नणंद, शेवटी माझा मुलगा बेनसुद्धा, सगळ्यांचे कागद मीच केले. हसत केले असं नाही. पण केले, आणि एकाचाही अर्ज परत आला नाही.

आता नवीन टूम निघालीय. परदेशात घर विकत घ्यायचं आणि त्या घराच्या जोरावर तिथं राहायचा परवाना काढायचा. भगवान घरतांचा प्रणित त्यातलाच. घरत मूळचे वडखारचे, पिढ्यानपिढ्या मिठागरं. वडखार विमानतळात गेलं. गावाच्या जागी धावपट्टी आली आणि गावकऱ्यांना दुसरीकडे प्लॉट मिळाले. प्रणितनं आधी भरावाच्या कामाला डंपर घेतले, पुढं द्रोणागिरीला गोडाऊन टाकलं, धंदा वाढवला, आणि आता ग्रीसमध्ये, अथेन्सला, फ्लॅट घेतला. एका फ्लॅटवर स्वतः, बायको मनिषा, मुलगी प्राची आणि आई-वडील, सगळ्यांना तिथं राहता येणार होतं. फक्त कोण कोणाचं कोण, ते प्रत्येकाचं कागदावर सिद्ध व्हायला हवं.

आणि तिथंच सत्यवतीचं अडलं. सत्यवती म्हणजे प्रणितची आई. प्रणित जन्मला घरात, सुईणीच्या हातावर. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे आणि आईची जागा कोरी. ती दुरुस्ती करायला बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. मग उरला एकच रस्ता. प्रणित भगवानचा मुलगा हे एका कागदावर, आणि सत्यवती भगवानची बायको हे दुसऱ्या कागदावर. म्हणजे तिचं तिकडे जाणं सगळं त्या लग्नाच्या दाखल्यावर. तो दाखला प्रणितनं माझ्याकडे येण्याआधीच कुठल्याशा एजंटाकडून काढून आणला होता. छान प्लॅस्टिकच्या फोल्डरात.

जानेवारीत तिकडच्या वकीलबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. माझ्याच गाळ्यात, माझ्याच संगणकावर. त्या इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार. समोर भगवान, सत्यवती आणि प्रणित बसले. बाई गोड होत्या, सगळ्यांची चौकशी केली. मग सत्यवतीला विचारलं, तुमचं लग्न कुठं झालं?

"वडखारला. माज्या बापाच्या दारात. माजं म्हायार नि सासर एकाच गावात व्हतं."

कोणी लावलं?

"भामाआयनं," सत्यवती म्हणाली. "आमची धवलारीण."

भगवानना एकदम खोकला आला. प्रणित माझ्याकडे असे डोळे करून बघायला लागला, की मी समजून घ्यावं. मी समजले, पण भाषांतर केलं ते जसंच्या तसं. मी त्याचेच पैसे घेते. वकीलबाईंनी समोरचा दाखला वर-खाली केला आणि विचारलं, पण इथं तर पुरोहित म्हणून एका पुरुषाचं नाव आहे ना? मग त्या शांतपणे म्हणाल्या, बाकीच्यांचे कागद पुढे जाऊ देत, आईंची फाइल हा खुलासा होईपर्यंत मी बाजूला ठेवते.

कॉल संपला आणि प्रणित आईवर घसरला. "आई, काय गरज होती?"

"मंग काय सांगू? लगीन माजं. कोनी लावलं ता मना माईत नसंल?"

मी दाखल्याची प्रत ओढून घेतली. गुरुजींच्या नावापुढे वय लिहिलेलं होतं, बावन्न. भगवान-सत्यवतीचं लग्न झालं त्र्याऐंशी साली. म्हणजे हे गुरुजी चड्डी सांभाळत शाळेत जायच्या वयात लग्नं लावत होते! मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

"अरे शहाण्या," मी प्रणितला म्हटलं, "तुझ्या आईबापाचं लग्न लावणारी बाई जिवंत आहे ना?"

"आहे. आमच्याच कॉलनीत. दोन गल्ल्या सोडून."

"मग हा बालगुरुजी कशाला धरून आणलास?"

"एजंट म्हणाला, कॉलममध्ये पुरोहित लिहिलंय. बाई कशी चालेल? तिकडचे लोक हसतील."

हसतील! अख्ख्या आगरी मुलखात भटजी यायच्या आधी बायकाच लग्नं लावत होत्या. धवलारीण धवला गायची, म्हणजे लग्नाचं गाणं. हळद, मांडव, मुहूर्त, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. तिनं गायलं की लग्न लागलं. आमच्या लग्नात केतुबा असतो, लग्नाचा करारनामा. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, साक्षीदार सह्या करतात. माझा अजून कपाटात आहे. आमचं लग्न कागदावर आणि यांचं गळ्यात, पण लग्न ते लग्नच. मी प्रणितला तिथल्या तिथं झाडला. चुकीचा दाखला रद्द करायला अर्ज, खरं काय घडलं त्याचं प्रतिज्ञापत्र, आणि नव्या नोंदीवर भामाआईचा अंगठा, एवढं करावं लागेल म्हणून सांगितलं.

बाप-लेक खाली मान घालून बाहेर पडले. सत्यवती दारात रेंगाळली.

"बाई, व्हईल ना ओ?" ती म्हणाली. "मना परदेस नको. तितलं माती की दगड, मना काय करायचंय? पन प्राची दीड म्हयन्याची असल्यापासून माज्या कुशीत झोपते. मनिषा कामावर जाते, पोरीचं सगलं माज्याकडे. सप्टेंबरला तिची शाला तितं चालू व्हनार. ती तितं नि मी इतं, मना नाय जमायचं. खरंच नाय जमायचं."

बोलता बोलता तिनं पदर तोंडाला लावला. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. मी तिला दटावलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर भामाआईकडे निघाले. भगवान आले नाहीत. म्हणाले, त्वांड कसं दाखवू?

भामाआईच्या मुलानं मिळालेल्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी केलीय. ती मात्र खाली पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मशेरी लावत होती. वर घरात वारा लागत नाही म्हणे. वय ब्याऐंशी. अंगानं काटकुळी, डोळ्यावर जाड चष्मा, पण आवाज असा, की वाटावं आत कोणी दुसरीच धडधाकट बाई बसलीय.

"ही कोन?" तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. सत्यवतीनं सांगितलं. "आगं, मंजे शनवार तेल्यांची पोर," म्हातारी म्हणाली. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला हे नाव. हल्ली कोणाच्या तोंडी राहिलेलं नाही. मला एकदम आजोळी गेल्यासारखं वाटलं. तरी मी चेहरा कडकच ठेवला.

मी सगळं सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं. गाव उठलं म्हणून गावातल्या बातम्या थोड्याच थांबतात?

"तो बामन कोन ता तरी सांग," ती सत्यवतीला म्हणाली. "तुज्या हलदीला व्हता? तुजा बाप मांडवात कुटं उबा राहून रडला, ता त्याला माईत हाय?"

"चुकी झाली गो आये."

"तुजी नाय. तू खरं बोललीस." मग माझ्याकडे वळून, "देते अंगठा. पन आज नाय."

"आज का नाही?"

"माजं काम अर्दं हाय. अर्द्या कामावर मी अंगठा देत नाय."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, भामाआई, लग्न लागून त्रेचाळीस वर्षं झाली, मुलाला मुलगी झाली, अर्धं काय राहिलंय त्यात? ती म्हणाली, हिच्या लग्नाचं नाय बोलत. हिच्या पोराच्या लग्नाचं बोलते.

मग तिनं सांगितलं ते असं. धवला सुरू होतो तो देवांना आवतण देऊन. गावदेवी, वेताळ, मिठागराच्या बांधावरचा म्हसोबा, खाडीच्या तोंडावरची माउली, घराण्याचे पितर, एकेकाला त्याच्या त्याच्या ठिकाणाहून नाव घेऊन उठवायचं, वाट दाखवत मांडवात आणायचं, बसवायचं. लग्न लागलं की पुन्हा एकेकाला नाव घेऊन त्याच्या ठिकाणी पोचवायचं. पोचवल्याशिवाय धवलारणीनं मांडवात घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्रणितचं लग्न झालं अकरा वर्षांपूर्वी, हायवेवरच्या मोठ्या लॉनवर. गुरुजी होते, ड्रोन होता, डीजे होता. भामाआईला दहा मिनिटं दिली होती, व्हिडिओत छान दिसतं म्हणून. ती देवांना घेऊन अर्ध्या वाटेवर आली आणि कोणीतरी येऊन हातातला माईक काढून घेतला. डीजे सुरू झाला.

"माज्या मानाचं मना काय नाय," ती म्हणाली. "मना साडी दिली, नारल दिला, जेवाय बी इचारलं. पन देव? त्ये वाटंवरच ऱ्हायले. ना मांडवात, ना आपल्या ठिकानी. मना झोप लागत नाय गो बाय. तवाधरनं रोज डोले मिटले का त्ये उबेच. आता तुमी चाललं परदेसात. मंग त्यांना कोन सोडवील?"

मी कागदाची बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, मला विचारू नका. पण ती म्हातारी खोटं बोलत नव्हती, आणि तिला अकरा वर्षं झोप नव्हती, एवढं मला दिसलं. मी कागद पिशवीत घातले.

परत येताना सत्यवतीनं तिच्याबद्दल सांगितलं ते असं. भामाआई मूळची करंज्याची, आई सुकी मासळी विकायची. वडखारला लग्न होऊन आली आणि मिठाच्या पाट्या वाहायला लागली. सासू धवलारीण. सासूच्या मागे बांधावरून चालता चालता, डोक्यावर पाटी घेऊन, ती धवले शिकली. सासू एक ओळ दुसऱ्यांदा म्हणायची नाही. चुकली की पाटी उतरवून पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायची. पुढं एका लग्नात सासूचा आवाज बसला आणि सून पुढं झाली, ती कायमचीच. मग वडखारमध्ये तिच्या गळ्याशिवाय लग्न लागलं नाही. पैसे घेत नसे. एक नवरदेव दारू पिऊन आला, तर त्याला मिठागराच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा केला आणि उतरेपर्यंत मुहूर्त थांबवला. त्याच्या बापानं आवाज चढवला, तर म्हणाली, तूही उतर. तो नवरदेव आता आजोबा झालाय आणि अजून दारूला शिवत नाही. नंतर लग्नांत भटजी यायला लागले, तेव्हा दोघं जोडीनं चालायचे, ते मंत्र म्हणत, ही गात. पुढं हिची वेळ आखडत आखडत गेली. लग्नं गावाबाहेर गेली आणि मग गावच गेलं.

राहिला प्रणित. त्याला पटवायचं म्हणजे मला वाटलं होतं डोकेफोड आहे. त्याच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तो हसायला लागला. "मॅडम, तुम्ही पण? एवढ्या शिकलेल्या!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनिषा आतून आली. ठाण्याची मुलगी, धड आगरीही नाही. "मला आठवतंय," ती म्हणाली. "मी तिच्या समोरच बसले होते. ती गात होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं होतं, की आपलं खरंच लग्न लागतंय. डीजेला खूण तूच केलीस, प्रणित."

प्रणितचं हसू गेलं. बराच वेळ तो मोबाइलशी चाळा करत बसला. संध्याकाळी स्वतः गाडी काढून भामाआईकडे गेला. माफी मागणं त्याला जमेना, म्हणून लिम्काच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट तिच्या खुर्चीशेजारी ठेवून परत आला. तिला लिम्का आवडते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हातारीनं सगळ्या गल्लीला वाटली म्हणे.

होळी झाल्यावरचा रविवार ठरला. घरतांचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. भामाआई लिफ्टमध्ये शिरायला तयार होईना. "त्या पेटीत मेल्याव घाला मना," म्हणाली. शेवटी सत्यवतीनं तिचा हात धरला, डोळे मिटायला सांगितले आणि वर आणली. हॉलमधला सोफा सरकवला होता. प्रणित आणि मनिषा पाटावर बसले, तिच्या साडीला त्याचं उपरणं बांधलेलं. प्राची आईबापाचं लग्न बघायला मिळणार म्हणून नुसती उड्या मारत होती. शेवटी आजीच्या मांडीवर जाऊन बसली. भगवान कोपऱ्यात उभे होते. भामाआईनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बस रं. लय उबा ऱ्हायलास."

आणि तिनं आवाज लावला.

'ऊठ गो गावदेवी, वाट लांब हाय,
धाकल्या घरताचे दारी मांडव हाय…'

चाल अगदी साधी. खालीवर फारसं काही नाही, चालत्या माणसाच्या पावलांइतकी संथ. ती एकेकाला बोलवत होती. पिंपळाखालून वेताळाला, बांधावरून म्हसोबाला, जेट्टीजवळून माउलीला. वाटेत कुठं वळायचं, बांधातली कुठली पाण्याची उघाडी ओलांडायची, कोणाच्या परसातून यायचं, सगळं त्या गाण्यात होतं. खिडकीतून लांबवर धावपट्टी दिसत होती. मध्येच एक विमान घरघरत वर गेलं. भामाआई थांबली नाही. भगवानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. माझं काय, मला तर त्या गावाची एक गल्लीसुद्धा माहीत नव्हती. तरी मी चष्मा काढून पुसत बसले.

देव मांडवात आले, बसले. अक्षता पडल्या. प्राचीनं इतक्या उधळल्या, की माझ्या केसांत संध्याकाळपर्यंत तांदूळ निघत होते. मग भामाआईनं देवांना परत पोचवायचं गाणं धरलं. 'चल गो गावदेवी, पोचवते तुना…' एवढं म्हटलं आणि ती थांबली.

आम्हाला वाटलं, दम लागला. मनिषा पाणी घेऊन आली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. पुन्हा तीच ओळ धरली आणि पुन्हा तिथंच थांबली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "कुटं पोचवू? देऊल नाय. पिंपल नाय. बांद नाय. अकरा वर्सं मी यांना आनायचीच कालजी केली. परत कुटं न्यायचं, ह्ये माज्या ध्यानातच नाय आलं."

प्रणित पाटावर मान खाली घालून बसला होता. जिथं पिंपळ होता तिथला भराव टाकायला त्याचेच डंपर लागले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सत्यवती उठली. प्राचीला बाजूला केलं, भामाआईच्या पुढ्यात बसली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तुज्याजवल ठेव गो आये," ती म्हणाली. "मी परत येईन तवर. मंग आपून दोगी बगू कुटं बसवायचं."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. "येशील?"

"येईन."

"बघ हां. मी काय जलमभर नाय बसायची यांना घेऊन."

"येते मनलं ना!"

मग भामाआईनं नवीनच ओळ जुळवली, देवांनी आजपासून माझ्या घरी राहावं, माझी मीठभाकरी गोड मानून घ्यावी. ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा सासूनं न शिकवलेली ओळ गायले. तेव्हाच पाणी प्यायली. आणि माझ्याकडे अंगठा पुढं केला. "घे तुजी शाई."

नोंदणी कार्यालयात मात्र काही अडलं नाही. पुरोहिताच्या रकान्यात मी 'भामा, धवलारीण' लिहिलं. तिथल्या बाईंनी वाचलं, चष्म्यावरून म्हातारीकडे बघितलं आणि खुर्ची आणायला सांगितली. नवा दाखला झाला. त्यावर परदेशासाठी लागणारा सरकारी शिक्का झाला. ग्रीक भाषांतर झालं. वकीलबाईंनी सत्यवतीची फाइल पुन्हा सगळ्यांच्या फाइलींत ठेवली आणि मे महिन्यात घरत मंडळी गेली. त्याच विमानतळावरून. सत्यवतीनं निघताना मला फोन केला. म्हणाली, "बाई, माज्या दारातूनच उडते हाय बघा." आणि मग ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. मी तिला म्हटलं, पासपोर्ट हातात घट्ट धर, बाकी सगळं सोड.

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. सोमवारी सकाळी गाळा उघडला, तर पायरीवर भामाआई. नातसून तिला सोडून बाजारात गेली होती.

"शनवारी आयली व्हती. बंद व्हतं."

"पाटीवर लिहिलंय भामाआई."

"मना कुटं वाचता येतंय?" ती आत येऊन बसली, धाप ओसरू दिली आणि म्हणाली, "सत्यवतीचा फोन आयला. दिवालीला येनार व्हती, पन तिचं तितलं कारड अजून झालं नाय. ता झाल्याबिगर निगाली तर परत आत घेतील का नाय ता वकील बी सांगत नाय. रडत व्हती. मी मनलं रडू नको."

"होईल हो. उन्हाळ्यापर्यंत येईल कार्ड. मग येईलच ती."

"त्याचा काय भरोसा? तू माजा पासपोर्ट कर."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोणाचा?"

"माजा. तिनं तिची वस्त माज्याजवल ठेवलीय. तिला यायला नाय जमत, तर मना नेऊन द्याया नको? तितं दरया हाय मनतात. गावदेवीला दरयाजवल करमतं."

मी भडकलेच. म्हटलं, तुमचं वय काय, तब्येत काय, लिफ्टमध्ये चढायची भीती वाटते, विमानात कशा बसणार? जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, राहतं गाव नकाशातून गेलेलं. किती खेपा, किती महिने! एवढ्यात काय घाई आहे? ती शांतपणे ऐकत होती. माझं सगळं बोलून झाल्यावर तिनं पदराच्या गाठीतून आधारकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "मनूनच अर्जंट हाय गो बाय."

मी संगणक चालू केला आणि कोरा अर्ज उघडला. पहिला रकाना नावाचा. तो भरला. जन्मस्थळापाशी आले आणि तिच्याकडे बघितलं.

"कुठं जन्मलात, भामाआई?"

"करंजा," ती म्हणाली. "ता हाय अजून. लिव."

मी लिहिलं.